साधा फोन हवा आहे. पण नेमका कोणता?

नवी दिल्ली : घरातील एकाच्या हातात स्मार्टफोन आणि दुसऱ्याचा त्याला ठाम नकार, ही स्थिती देशातील असंख्य घरांत आढळते. नकार देणारी कधी पत्नी असते, तर कधी पती. ‘मला बोलता आले आणि कोणाचा फोन आला ते कळले, की पुरे’ एवढीच त्यांची अपेक्षा असते. जोडीदार दुकानात जातो, हजार-बाराशे रुपयांचा बटणांचा फोन घेऊन येतो, घरातले सिमकार्ड त्यात घालतो. आणि पडद्यावर जाळ्याची एकही दांडी उमटत नाही. फोन नवा असतो, सिमकार्ड चालू असते, रिचार्जही झालेला असतो. तरीही फोन लागत नाही.

असे घडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सिमकार्ड जिओचे आणि फोन २जीचा. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली तीच केवळ ४जीवर. तिच्या जाळ्यात २जी किंवा ३जी कधीच नव्हते. त्यामुळे तेथे साधे बोलणेदेखील इंटरनेटवरील माहितीप्रमाणे छोट्या-छोट्या तुकड्यांत विभागून पाठवले जाते. या पद्धतीला ‘व्होल्टी’ म्हणतात. २जी फोनला ही पद्धत अवगत नसते. उलट एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल यांची २जी सेवा अद्याप चालू असल्याने जुना किंवा अगदी स्वस्त फोन त्यांच्या सिमकार्डावर बोलू शकतो. म्हणूनच साध्या फोनचा शोध दुकानातील काचेच्या कपाटापासून नव्हे, तर घरात कोणत्या कंपनीचे जाळे नीट पोहोचते आणि हातात कोणते सिमकार्ड आहे, येथून सुरू करावा लागतो.

बाजारात आज बटणांच्या फोनचे ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला केवळ २जीचा. तो सर्वांत स्वस्त असतो आणि त्याची बॅटरी दीर्घकाळ टिकते. दुसरा ४जी व्होल्टीचा, कोणत्याही कंपनीचे सिमकार्ड चालणारा. त्याची किंमत पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडते. तिसरा एकाच कंपनीला बांधलेला. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना बाजारात आलेला ‘जिओभारत’ हे त्याचे ठळक उदाहरण. तो ४जीचा असूनही स्वस्त आहे, परंतु त्यात फक्त जिओचेच सिमकार्ड चालते. उद्या घर बदलले, मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जावे लागले आणि तेथे दुसऱ्या कंपनीचे जाळे बरे असले, तर क्रमांक नेता येतो. फोन नेता येत नाही.

यांपैकी दुसरा प्रकार महाग असला तरी घेण्याजोगा आहे. २जीची सेवा किती वर्षे टिकेल, याची हमी कोणीही देत नाही. जिओने तर ‘२जी-मुक्त भारता’चा पुरस्कार उघडपणे केला आहे. तंत्रज्ञानाचा कंटाळा असलेल्या माणसाच्या बाबतीत फोन बदलणे हाच मोठा त्रास असतो. बोटांना सवय लागलेली बटणे दोन-तीन वर्षांत पुन्हा बदलावी लागणार असतील, तर वाचवलेल्या हजार रुपयांना फारसा अर्थ उरत नाही.

परदेशातील मुलांनी प्रेमाने पाठवलेल्या ‘ज्येष्ठांसाठीच्या खास’ फोनविषयीही सावध राहावे. अमेरिकेत विकले जाणारे अनेक हँडसेट तेथील दूरसंचार कंपनीला बांधलेले असतात. शिवाय त्यांच्या आणि आपल्या लहरींचे पट्टे पूर्णतः जुळतीलच असे नाही. मोठी अक्षरे आणि ठसठशीत बटणे पाहून आनंद होतो, पण फोन टेबलावर शोभेचा राहतो.

नकाराचे कारण आधी समजून घ्यावे

स्मार्टफोन नको म्हणणारी व्यक्ती अडाणी असते, हा गैरसमज आहे. शिलाई यंत्राचा दोरा ओवणारी, पंपाची मोटार खोलून जोडणारी किंवा चाळीस वर्षे हिशेबाच्या वह्या बिनचूक राखलेली व्यक्तीच अनेकदा नकार देताना दिसते. यंत्राची तिला भीती नसते. एका बटणाने रोज एकच काम होईल, ही यंत्राकडून असलेली साधी अपेक्षा स्मार्टफोन पूर्ण करत नाही, ही तिची तक्रार असते. आणि ती वाजवी आहे. अद्ययावतीकरण झाले की चिन्हे जागा बदलतात, बोट चुकून लागले की अनोळखी चौकट उघडते.

काही वेळा कारण शारीरिक असते. आजचे स्पर्शपडदे बोटाच्या विद्युतवाहकतेवर चालतात. वयपरत्वे कोरडी झालेली किंवा कष्टाने घट्टे पडलेली त्वचा त्यांना नीट ओळखू येत नाही. हाताला कंप असेल तर हलका स्पर्श ‘दीर्घ दाब’ ठरतो आणि भलतीच आज्ञा दिली जाते. अशा व्यक्तीला पुनःपुन्हा ‘अगं, हलकेच लाव बोट’ किंवा ‘अहो, इतके जोरात नका दाबू’ असे सांगण्यात काहीच हशील नाही. दाबले की खट्कन खाली जाणारे बटण हेच तिथे उत्तर आहे.

उघडमीट करण्याच्या फोनचा, म्हणजे फ्लिप फोनचा, विचार याच कारणासाठी करता येतो. उघडला की बोलणे सुरू आणि मिटला की बंद, अशी सोय त्यात करून ठेवता येते. कॉल खरोखर तुटला की नाही, ही शंका राहत नाही आणि पिशवीत बटण दाबले जाऊन परस्पर फोन लागण्याचे प्रकारही थांबतात. बिजागरी हा त्याचा नाजूक भाग. फोन वारंवार हातातून पडत असेल तर एकसंध हँडसेटच बरा.

दुकानात काय पाहावे

जाहिरातीत कॅमेरा आणि पडद्याचा आकार ठळक छापलेला असतो. साध्या फोनच्या बाबतीत मात्र या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. घंटीचा आवाज स्वयंपाकघरात कुकर चालू असतानाही ऐकू येतो का, बटणांवरील अंक चष्म्याशिवाय दिसतात का, दोन बटणांमध्ये बोटाला कळेल इतके अंतर आहे का, हे स्वतः वापरणाऱ्यानेच हातात घेऊन पाहावे. जोडीदाराने परस्पर आणलेला फोन बहुधा जोडीदाराच्याच डोळ्यांना सोयीचा असतो.

विजेरीसाठी स्वतंत्र बटण असणे ही क्षुल्लक बाब नाही. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० भारतात घरोघरी पोहोचला, त्यात त्याच्या विजेरीचा आणि धूळ आत न जाऊ देणाऱ्या बटणपट्टीचा मोठा वाटा होता. काढता येणारी बॅटरीही पाहावी, कारण ती फुगली किंवा उतरली तर गावातल्या दुकानात बदलून मिळते. स्मार्टफोनमधील सिमकार्ड नॅनो आकाराचे, तर बटणांच्या अनेक फोनमधील खाच जुन्या मोठ्या आकाराची असते. त्यासाठी लागणारी प्लॅस्टिकची चौकट दुकानदाराकडून मागून घ्यावी. ती नसली तर सिमकार्ड आत हलते आणि फोन मधूनच बंद पडल्यासारखा वाटतो.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी तर फोन यंत्र कानाला लावूनच तपासावा. २जी फोन ठरावीक तालात लहरी सोडतो आणि त्या श्रवणयंत्रात गुणगुण उमटवतात. ४जी व्होल्टीवर हा त्रास बराच कमी जाणवतो.

आपत्कालीन सोयीची माहिती मात्र दुकानदार क्वचितच देतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ हा अंक काही काळ दाबून ठेवला असता मदतीचा कॉल जाण्याची व्यवस्था असणे बंधनकारक आहे. आपल्या फोनमध्ये यांपैकी कोणते बटण आहे, ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे आणि वापरणाऱ्याला दाखवून ठेवावे. एरवी देशभर ११२ हा एकच क्रमांक पुरेसा आहे. खरेदीपूर्वी हँडसेट अस्सल आहे ना, हेही पाहावे. *#०६# दाबल्यावर पंधरा अंकी ओळख क्रमांक दिसतो. तो खोक्यावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर त्याची पडताळणी करता येते.

मराठी अक्षरांची परीक्षा

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या मानकानुसार देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील संदेश वाचता येणे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता येणे अपेक्षित आहे. यातील तिसरी भाषा मराठीच असेल असे नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर स्थानिक बाजारात गुजराती, तेलुगू किंवा कन्नड यादीचा फोन पुढे केला जाण्याचा संभव अधिक. हिंदी यादी देवनागरीतच असल्याने काम भागते, पण यादीतच मराठी हवी असेल तर तसे स्पष्ट विचारावे. सोपी चाचणी अशी : दुकानात उभ्या उभ्या आपल्या फोनवरून त्या फोनवर ‘बाळ दऱ्याखोऱ्यांतून आले’ असा संदेश पाठवावा. ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ नीट उमटले, चौकोन दिसले नाहीत, की हरकत नाही.

देवनागरीतील एका संदेशात ७० अक्षरचिन्हेच मावतात, इंग्रजी लिपीत १६०. काना-मात्रा वेगळे मोजले जात असल्याने मराठी संदेश लवकर दोन संदेशांचा होतो आणि त्याचे पैसेही तसेच लागतात.

न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे

साधा फोन घेतल्यावरही अनेक घरांत रिचार्ज मात्र रोजच्या दीड-दोन जीबीचाच होत राहतो. वापर शून्य आणि खर्च पूर्ण. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून केवळ बोलणे व संदेश यांसाठीची योजना देणे कंपन्यांना बंधनकारक केले. अशा योजनांची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवस करण्यात आली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांसाठी ४६९ आणि ३६५ दिवसांसाठी १,८४९ रुपयांची, तर जिओने ८४ दिवसांसाठी ४४८ आणि ३३६ दिवसांसाठी १,७४८ रुपयांची योजना आणली. दर बदलत राहतात, त्यामुळे त्या दिवशीची रक्कम विचारूनच घ्यावी. मात्र ‘फक्त कॉल आणि एसएमएसची योजना’ असे नेमके शब्द वापरावेत. दुकानदार किंवा अॅप ती स्वतःहून पुढे करीलच, असा भरवसा नाही.

क्रमांक कोणाचा?

हँडसेटपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि घरात तो सहसा विचारला जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरतात असा मोबाइल होता. उरलेल्यांच्या बँक खात्याला, आधारला, गॅसजोडणीला पतीचा किंवा मुलाचा क्रमांक जोडलेला असणे ओघानेच येते. फोनचा तिटकारा असलेल्या पतीच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने घडते. ‘तिचाच नंबर द्या, मला काही कळत नाही’ असे म्हणत निवृत्तिवेतनाच्या खात्यापासून आरोग्य विम्यापर्यंत सर्वत्र पत्नीचा क्रमांक दिला जातो.

सर्व सुरळीत असते तोवर त्यात काही अडत नाही. जोडीदार रुग्णालयात असतो, प्रवासात असतो किंवा राहिलेलाच नसतो, तेव्हा अडचण समोर येते. पैसे आपले, खाते आपले. पण त्याचा ओटीपी अशा फोनवर येतो, जो कुलूपबंद आहे आणि ज्याचा संकेत आपल्याला ठाऊक नाही. सिमकार्ड दिवंगत व्यक्तीच्या नावावर असेल तर ते चालू ठेवण्यासाठी नाव बदलण्याची कागदपत्रे करावी लागतात. ऐन दुःखाच्या दिवसांत हे ओझे नको असते. महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी आधारला जोडलेल्या क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीचे महत्त्व असंख्य घरांना प्रत्यक्ष कळले आहे.

त्यामुळे साधा फोन घेतानाच सिमकार्ड वापरणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर घ्यावे आणि तोच क्रमांक त्याच्या आधारला, बँक खात्याला व निवृत्तिवेतनाला जोडावा. ओटीपी हा साधा संदेश असतो. तो वाचण्यासाठी स्मार्टफोन लागत नाही. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे ‘संचार साथी’वर पाहता येते. बटणांच्या फोनवर संदेशांची पेटी लवकर भरते आणि भरल्यावर नवा संदेश येतच नाही. महिन्यातून एकदा जुने जाहिरातीचे संदेश काढून टाकावेत. १९०९ या क्रमांकावर नोंदणी केल्यास असे संदेश आणि विक्रीचे फोन कमी होतात.

पैसे पाठवण्याची सोयही बटणांच्या फोनवर आहे. *९९# ही सेवा इंटरनेटशिवाय चालते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘यूपीआय १२३पे’ सुरू केली. तीत ध्वनिसूचनांच्या आधारे, मिस्ड कॉलने, फोनमधील अंगभूत अॅपने किंवा ध्वनिलहरींच्या साह्याने व्यवहार करता येतो आणि तिची मर्यादा पुढे दहा हजार रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. सोय चांगली आहे, परंतु यादी ऐकत एकेक अंक दाबण्यास संयम लागतो. ज्याला फोनच नकोसा आहे, त्याच्यावर ती लादू नये. शिल्लक कळणारी बँकेची मिस्ड कॉल सेवा आणि गॅस सिलिंडरची मिस्ड कॉलने होणारी नोंदणी, एवढे दोन क्रमांक जपून ठेवले तरी बरेच स्वावलंबन साधते.

फसवणुकीपासून संरक्षण किती?

लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी घातक फाइल, वीजबिलाच्या नावाने येणारा दुवा, पडदा दुसऱ्याला दाखवणारे अॅप, या फसवणुकी बटणांच्या अगदी साध्या फोनवर चालत नाहीत. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील तोतया दाखवून होणारी तथाकथित ‘डिजिटल अटक’ही तेथे पुरती रंगत नाही. पण आवाजाने गाठणारा भामटा कोणत्याही फोनवर पोहोचतो. ओटीपी विचारणारा, मुलाला अपघात झाल्याचे सांगणारा कॉल साध्या फोनवरही तितकाच धोकादायक असतो. असा व्यवहार घडल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. हा क्रमांक फोनमध्ये नावानिशी साठवून ठेवावा.

नातवाच्या छायाचित्रांचे काय?

साध्या फोनवरचा खरा तोटा येथे आहे. व्हॉट्सअॅप बटणांच्या जिओफोनवर २०१८ मध्ये आले होते, पण नंतर त्या प्रणालीसाठीचा पाठिंबा काढून घेण्यात आला. त्यामुळे बटणांचा फोन घेऊन व्हॉट्सअॅप चालवू, या हिशेबाने खरेदी करू नये. छायाचित्रे आणि व्हिडिओ कॉल हवेच असतील, तर स्मार्टफोनच सोपा करून देणे हा मार्ग उरतो. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘ईझी मोड’ असतो, त्यात चिन्हे मोठी आणि मोजकी दिसतात. आयफोनमध्ये २०२३ पासून ‘असिस्टिव्ह अॅक्सेस’ ही रचना आहे. तीत कॉल, संदेश, छायाचित्रे अशी निवडलेली चार-पाच कामेच पडद्यावर राहतात. स्वयंचलित अद्ययावतीकरण मुलांनी आपल्या उपस्थितीत करावे आणि चिन्हांची जागा बदलू देऊ नये.

अनेक घरांनी दोन्हींचा मेळ घातला आहे. बोलण्यासाठी बटणांचा फोन आणि ओटीपीही त्यावरच. दिवाणखान्यात उशीला टेकवलेली एक टॅब्लेट, फक्त व्हिडिओ कॉलसाठी. टॅब्लेट हाताळली नाही तरी चालते, कारण आर्थिक व्यवहार त्यावर नसतात.

फोन घरी आला की पहिले काम क्रमांकांचे. ते सिमकार्डात आणि फोनमध्ये, दोन्हीकडे साठवावेत. सिमकार्डात नावे लहान लागतात आणि देवनागरीत ती आणखी आखूड होतात, म्हणून ‘मोठी वन्सं’, ‘डॉ. खालचे’ अशी घरात बोलली जाणारी नावेच द्यावीत. २ ते ८ या अंकांना एकेक जवळची व्यक्ती जोडावी, म्हणजे बटण दाबून धरले की कॉल जातो. मदतीच्या कॉलसाठी राखलेला ५ चा अंक मात्र तेवढा सोडावा. फोन क्वचितच वापरला जाणार असेल तर खात्यात किमान २० रुपये असू द्यावेत. ९० दिवस वापर झाला नाही तरी ते कापून क्रमांक पुढील ३० दिवस जिवंत ठेवला जातो. शिल्लक नसेल तर क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि त्याला जोडलेले बँक खातेही अडते.

आणि ज्यांना खिशात वा कमरेला फोन बाळगणेच मान्य नाही, त्यांच्यासाठी सिमकार्डावर चालणारा टेबलफोन बाजारात मिळतो. दिसायला तो जुन्या लँडलाइनसारखाच, रिसीव्हर उचलून बोलायचा. तार ओढावी लागत नाही. विजेचे बटण जवळ हवे आणि वीज गेल्यास आतली बॅटरी काही तास काम देते. संदेश त्याच्या छोट्या पडद्यावर वाचता येतात. घेताना प्रश्न मात्र तोच विचारायचा : २जीचा आहे की ४जीचा, आणि आपले सिमकार्ड कोणत्या कंपनीचे.